बुरुलचं थांबणं

आमच्या कोचकोर गावात एखादा माणूस बोलता बोलता अडला, की शेजारचा लगेच त्याच्या तोंडात शब्द घालतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पाहुण्यापुढे चहा सरकवावा तसा अडलेल्यापुढे शब्द सरकवायचा, ही आमच्याकडची माणुसकी. बुरुलला ही माणुसकी कधी जमली नाही. समोरचा अडला की ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत गप्प बसायची. मारून मुटकून गप्प नव्हे, अगदी निवांत. चुलीवरचं दूध कधीतरी वर येणारच, याची खात्री असलेल्या बाईसारखी. गावात या प्रकाराला नावच पडलं होतं. कुणी उत्तर द्यायला वेळ लावला की लोक म्हणायचे, "घ्या, आता बुरुलचं थांबणं सुरू झालं."

ती शाळेत इंग्रजी शिकवायची, मी रसायनशास्त्र. आमची घरंही शेजारी, मध्ये फक्त एक कुंपण, आणि त्यालाही तिची गाय शिंगं घासून घासून अर्धं पाडून ठेवायची. तिचा नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा रशियात कामाला. लेक नाही. त्यामुळे संध्याकाळचा चहा ती माझ्याकडेच प्यायची आणि वाद घालायची.

खरं म्हणजे ती मूळची जर्मन शिकवणारी बाई. आम्ही तरुण होतो तेव्हा आमच्या शाळांत जर्मन शिकवत. मग सोव्हिएत राज्य गेलं, नवा देश झाला आणि एक दिवस वरून हुकूम आला की आता जर्मन पुरे, इंग्रजी शिकवा. बुरुलला तेव्हा इंग्रजी माझ्याइतकीच येत होती, म्हणजे अजिबात नाही. रोज घरी शब्दकोश घेऊन बसायची आणि पोरांच्या एक धडा पुढे राहायची. कधीकधी तेही जमायचं नाही. मग पोरांनी काही विचारलं की सरळ सांगायची, "मला माहीत नाही. तुम्ही शोधा आणि उद्या मला सांगा."

दुसरी कुणी असती तर शरमेनं वर्गात पाऊल टाकलं नसतं. पण हिच्या ध्यानात आलं की पोरांनी स्वतः शोधून आणलेलं पोरं विसरत नाहीत, आणि हिनं सांगितलेलं दारातून बाहेर पडेपर्यंत हवेत विरतं. झालं. पुढे ती इंग्रजी चांगली शिकली, तरी "मला माहीत नाही" काही सुटलं नाही. चेहरा असा कोरा ठेवायची की नव्या पोरांना खरंच वाटायचं, या बाईला काही येत नाही.

दहावीत पोरं आली की ती फळ्याजवळची जागा सोडायची. वर्गाच्या मागच्या बाजूला शेगडीशेजारी एक बाक होता, तिथे जाऊन बसायची. तास पोरांचा. कुणी काय शिकवायचं, बाजारात आलेल्या कुठल्या परदेशी प्रवाशाला गाठायचं, त्याच्याशी काय बोलायचं, सगळं पोरांनी ठरवायचं. पहिल्याच दिवशी ती सांगायची, "माझ्याकडे वळून बघायचं नाही. मी इथं नाहीच असं समजा."

"माझ्या तासाला पोरं अशी स्वतःच्या बुद्धीनं चालली," मी म्हणायचे, "तर संध्याकाळी शाळेचं छप्पर शोधत फिरावं लागेल."

"म्हणून तुझी पोरं पन्नाशीलाही तुला विचारायला येतील, अनिपा. माझी येणार नाहीत."

"यात बढाई मारण्यासारखं काय आहे? म्हातारपणी एकटी पडशील."

"पडेन की," ती म्हणायची आणि माझ्या ताटलीतले बोरसोक उचलायची. ते तळलेले गोळे तिला अगदी गरम लागायचे.

एकदा मी तिच्या वर्गावरून जात होते. आत ती पोरांना सांगत होती, "आपल्याकडे माणूस गेलं की घरच्या बाया तंबूत बसून कोशोक म्हणतात. ऐकलाय ना? रडता रडता ओळी जुळवत जातात. तेव्हा कुठली बाई शेजारणीला विचारते का, की अगं, पुढची ओळ काय? स्वतःचं दुःख, स्वतःचे शब्द. इंग्रजी तशी बोला. चुकली तरी तुमची पाहिजे."

बाहेर आल्यावर मी तिला झापलं. "कोवळ्या पोरांना मयताचा शोक कसला शिकवतेस? जिभेला काही हाड?"

"दुसरं उदाहरण सुचलं नाही," ती म्हणाली. "आपण बाया स्वतःच्या शब्दांत दुसरं बोलतोच कधी?"

मी चहा ओतला.

तिचं आणखी एक खूळ होतं. आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याच्या दोन्ही पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा पिळलेला दोरा बांधतात. बाकीची पोरं पळत येतात, जो पहिला पोहोचतो तो दोरा कापतो. मग मूल आयुष्यभर न अडखळता चालतं म्हणे. बुरुल हा संस्कार दहावीच्या घोड्यांवर करायची. पोरानं पहिल्यांदा कुणालाही न विचारता इंग्रजीत काहीतरी तडीस नेलं, की त्या दिवशी शाळेच्या अंगणात त्याचे पाय बांधायचे, वर्गानं फाटकापासून पळायचं आणि दोरा कापायचा. आमचे मुख्याध्यापक शेरगाझी खिडकीतून बघत म्हणायचे, "पोराला मिशा फुटल्या आणि या बाई आत्ता त्याला चालायला शिकवतायत." पण त्या दोऱ्यासाठी पोरं जीव टाकायची. दोरा ती स्वतः घरी वळायची, आणि कुणासाठी वळतेय ते सांगायची नाही.

आयझिरेकचा दोरा मात्र वळलाच जात नव्हता.

आयझिरेक ही आमच्या झुराकान म्हातारीची नात. आईबाप वर कुरणात मेंढरांमागे, पोरगी शिकायला आजीकडे. झुराकान लोकर दाबून केलेल्या नमद्याचे नक्षीचे गालिचे करते, आणि ते बघायला परदेशी लोक तिच्या घरी येतात. म्हणजे इंग्रजी या पोरीच्या उंबऱ्यापर्यंत रोज चालत येत होती. पण पोरगी इतकी भिडस्त की कुणी बाहेरचं आलं की गोठ्यात जाऊन गाईला चारा घालत बसायची. गाय फुगली, पोरीची इंग्रजी काही फुगली नाही.

एकदा बुरुलनं तिला बाजारात एका परदेशी जोडप्यासमोर उभं केलं. मीही तिथेच कांदे घेत होते. ती दोघं हसून वाट बघतायत, पोरगी लाल झालीय, ओठ हलतायत, आवाज नाही. बुरुल चार पावलांवर उभी, हात पोटाशी जुळवून, ढिम्म. शेवटी त्या बिचाऱ्यांनी मान हलवली आणि निघून गेली. आयझिरेक तिथेच तोंड झाकून रडायला लागली.

"एक शब्द दिला असतास तर तुझं काय झिजलं असतं?" मी बुरुलला विचारलं.

"दिला असता तर तो माझाच राहिला असता. तिचा झाला नसता."

"तू माणूस आहेस की खांब?"

संध्याकाळी चहाला आली तेव्हा तिनं बोरसोकला हात लावला नाही. त्यावरून मला कळलं की त्या पोरीचं रडणं तिला लागलं होतं. पण पद्धत बदलेल तर ती बुरुल कसली.

त्या हिवाळ्यात काय झालं कोण जाणे, आयझिरेक हळूहळू गोठ्यातून बाहेर आली. आधी दाराआडून ऐकायची. मग आजीचं बोलणं पाहुण्यांना तोडकंमोडकं सांगायला लागली. आमच्याकडे पोरं बाईंना एजेके म्हणतात, म्हणजे ताई. आणि फेब्रुवारीत एक दिवस ती आपण होऊन बुरुलला म्हणाली, "एजेके, उद्याचा तास मी घेऊ? आजीच्या गालिच्यावरच्या नक्षीची गोष्ट सांगते. सगळी इंग्रजीत."

"मला काय विचारतेस? तास तुमचा आहे," बुरुल म्हणाली. पण त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या मांडीवर काळी आणि पांढरी लोकर होती आणि बोटं वळत होती. मी कुणासाठी म्हणून विचारलं नाही. तीही हसली नाही, फक्त चहा जास्त प्यायली.

दुसऱ्या दिवशी बाहेर कडाक्याची थंडी होती. आयझिरेकनं आजीचा गालिचा खांद्यावर टाकून आणला, फळ्यावर टांगला आणि बोलायला लागली. पोरं सांगतात, ती फार छान बोलली. मेंढ्याचं शिंग, कावळ्याचा पंजा, पाण्याची लाट, सगळ्या नक्ष्यांची गोष्ट. मध्येच अडली तेव्हा सवयीनं मागच्या बाकाकडे बघून तिनं विचारलं, "एजेके, हे बरोबर आहे का?" बुरुल शेगडीशेजारी बसली होती, डोकं भिंतीला टेकवून. काही बोलली नाही. पोरं हसली. एकजण म्हणाला, "विचारतेस काय? एजेके इथं नाहीतच." आयझिरेकही हसली, आणि तिचा शब्द तिनंच शोधला.

घंटा झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बुरुल उठली नाही.

तिला तास सुरू होतानाच झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. दुसऱ्या कुठल्याही बाईच्या वर्गात बाई गप्प झाल्या असत्या तर पोरांनी पहिल्याच मिनिटाला आरडाओरडा केला असता. माझ्या वर्गात तर नक्कीच. पण हिच्या वर्गाला हिचं गप्प बसणं नेहमीचंच होतं, आणि वळून बघायचं नाही हे तिनंच शिकवलं होतं. डोळे उघडे होते तिचे. तो सगळा तास तिनं बघितला असेल, ऐकला असेल. पोरांना वाटलं, एजेके थांबल्या आहेत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरंच हाती लागलं असतं. ते मला म्हणाले, पण आयझिरेक माझ्या मागेच उभी होती. मी बुरुलची डावी मूठ उघडली, तर आत तो काळापांढरा दोरा. घामानं ओला झालेला. मी तो आयझिरेकला दाखवला. वाटलं, पोरीला धीर येईल. ती दोन पावलं मागे सरकली.

"मला नको तो," ती म्हणाली. "एजेके मरत होत्या आणि मी कावळ्याच्या पंजाची गोष्ट सांगत होते."

बुरुलला घरी आणलं. मुलगा आला, रडला, आणि काम जाईल म्हणून परत गेला. त्याला तरी काय बोलणार. मग मी आणि आयझिरेक, दोघींनी तिचं बघायचं. पोरगी शाळेच्या आधी यायची, गाईची धार काढायची, बुरुलला उठवून बसवायची, सूप भरवायची. शाळा सुटली की पुन्हा हजर. अंग चोरलं नाही तिनं कधी. पण इंग्रजीच्या तासाला ती मूग गिळून बसायची. परदेशी लोक आले की पुन्हा गोठ्यात. झुराकान माझ्याकडे येऊन म्हणाली, "पोरीची जीभ बुरुलच्या जिभेबरोबरच गेली बघ."

आणि एक गोष्ट मला रोज दिसायची, जी बघवायची नाही. बुरुलला काहीतरी सांगायचं होतं. अर्धं तोंड वाकडं, त्यातून ती एखादा आवाज ओढून काढायची, "म... मु..." की आयझिरेक धावलीच. "पाणी हवंय एजेके? उशी? खिडकी लावू? मांजर आलंय का?" एकामागून एक शब्द पुढे करायची पोरगी, चहा सरकवावा तसे. बुरुल डोळे मिटून घ्यायची. जन्मभर जिनं कुणाच्या तोंडात शब्द घातला नाही, तिच्या तोंडात आता दिवसभर दुसऱ्याचे शब्द. मी एकदा पोरीला म्हणाले, "अगं, जरा दम धर. तिला काढू दे तिचा शब्द."

"त्या दिवशी दम धरला तेवढा पुरे नाही का?" ती म्हणाली.

मला वाटतं, बुरुलला सांगायचं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरी, तुझी चूक नाही. एवढंच. सगळ्या आयुष्यात तिला हे एकच वाक्य कुणालातरी आयतं द्यायचं होतं, आणि तेच देता येत नव्हतं. मी ते आयझिरेकला शंभरदा सांगितलं. पण मी सांगून काय उपयोग? ते माझं होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी बुरुलनं डाव्या हातानं फळीकडे बोट दाखवलं. तिथे दोरा ठेवला होता, आणि शेजारी कात्री. मी दोरा तिच्या पायांना बांधायला गेले. म्हटलं, पुन्हा चालायला शिकायचंय बाईला. तिनं जोरात मान हलवली आणि आयझिरेककडे बघितलं.

"एजेकेच्या अंथरुणावर मी पाय कसे ठेवू?" पोरगी घाबरली. "पाप लागेल."

"ठेव," मी म्हणाले. "लागलं तर मला लागेल."

तिनं पाय वर घेतले. मी दोन्ही घोट्यांना दोरा बांधला. बुरुलनं डाव्या हातात कात्री धरली. डावा हात तिचा कधीच चलाख नव्हता. कात्रीची पाती दोऱ्याजवळ यायची आणि निसटायची. पुन्हा यायची, पुन्हा निसटायची. एकदा दोरा पात्यात सापडला, थोडी लोकर कातरली, बाकीचा तसाच. तिच्या कपाळावर घाम. आयझिरेक ओठ चावून बसली होती आणि मी मनात म्हणत होते, थांब पोरी, आजच्या दिवस थांब.

तिच्यानं थांबवलं नाही. ती एकदम पुढे वाकली, बुरुलचा हात आपल्या हातात घेतला आणि कात्री दाबली. दोरा तुटला.

"झालं बघा एजेके," ती रडत म्हणाली. "कापला तुम्ही."

बुरुलनं कात्री सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं. मी तिला तरुणपणापासून ओळखत होते, नवरा गेला तेव्हाही तिच्याजवळ बसले होते, पण इतकी हरलेली ती मला कधी दिसली नव्हती. त्यानंतर तिनं काही सांगायचा प्रयत्न केला नाही. पाणी दिलं की प्यायची. मे महिन्यात दुसरा झटका आला आणि ती गेली.

अंगणात तंबू उभा राहिला. तिचा मुलगा आला, बाहेर काठीवर वाकून येणाऱ्याजाणाऱ्यासमोर रडत उभा राहिला. मयताच्या जेवणासाठी घोडा कापला गेला. सगळं रीतसर झालं. अडलं ते आत, तंबूत. बाईला लेक नाही, सून नाही, तर कोशोक म्हणायचा कुणी? आमच्याकडे कोशोकाविना गेलेल्या बाईची फार कीव करतात, जशी काही ती कुणाची कुणी नव्हतीच. लांबच्या दोन नातेवाईक बायांनी चार ठरीव ओळी म्हटल्या. कुणालाही म्हणाव्यात अशा.

तेवढ्यात आयझिरेक आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाला न विचारता ती बायांच्या रांगेत लेकीच्या जागी जाऊन बसली, मयतासमोरच्या पडद्याकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तिनं श्वास घेतला आणि अडली.

ओठ हलत होते. आवाज नाही. मला तो बाजार आठवला.

झुराकान आजीच होती तिची, तिला कसं राहवेल. ती मागून कुजबुजली, "म्हण पोरी, पांढऱ्या सायीची माझी आई..." दुसरी एक म्हणाली, "ते नको, मावळला गं चंद्र म्हण, सोपं आहे." तिसरीनं आणखी एक ओळ पुढे केली. चारी बाजूंनी शब्द यायला लागले.

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज चांगलाच चढला असावा, कारण बाहेरचे पुरुषही गप्प झाले. "कुणी काही देऊ नका. तिचं ती म्हणेल."

"अनिपा, पोरीचे हाल करू नकोस," झुराकान म्हणाली.

मी हात गुडघ्यांवर ठेवले. तेव्हा मला कळलं हे किती कठीण असतं. पोरीची पाठ थरथरत होती, आणि माझ्या तोंडात दहा ओळी तयार होत्या. त्या मी एकेक करून गिळल्या. बुरुल हे जन्मभर करत होती, आणि मी तिला खांब म्हणत होते.

मग आयझिरेकनं सूर लावला. आधी फाटलेला, मग लांब.

"शेगडीपाशी बसली माझी एजेके,
फळ्यापाशी उभी होते मी.
तुझी वाचा गेली तेव्हाच गं
माझी वाचा फुटली होती.
मी विचारलं, बरोबर आहे का?
तू काही बोलली नाहीस.
मला वाटलं, थांबली आहेस,
तू तर निघाली होतीस.
जन्मभर राखलेस शब्द, एजेके,
एक मला द्यायला आली होतीस,
तोही मी देऊ दिला नाही."

तंबूतल्या बाया मोठ्यानं रडायला लागल्या. ठरीव ओळी म्हणणाऱ्या त्या दोघी तर सगळ्यांहून मोठ्यानं. मला वाटलं, संपला. पण ती थांबली नाही. त्याच सुरात, त्याच चालीवर तिनं पुढचं इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली. कोशोक इंग्रजीत. असं आमच्याकडे कुणी कधी ऐकलं नव्हतं. झुराकाननं माझा हात धरला, कदाचित पोरीला अडव म्हणायचं असेल, पण ती बोलली नाही. कुणीच बोललं नाही. बाहेर बुरुलची पोरं उभी होती, नवी, जुनी, काहींची लग्नं झालेली. त्यांना सगळं कळत होतं. त्यांच्या रडण्यावरून ते मला कळत होतं.

पोरगी बराच वेळ म्हणत होती. मध्ये दोनदा अडली. आम्ही थांबलो. मला त्यातलं एजेके एवढंच समजलं.